ऑपरेशन पुढे ढकललं, तर दुसरं हॉस्पिटल गाठायचं का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई पुण्यात नोकरी करतात. आई ७१ वर्षांची, गावाकडे भावाजवळ असते, पंधरा वर्षांपासून शुगर आहे. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त, रात्रीची झोप नाही, संडासला जायचं तरी भिंत धरून. पुण्यातल्या सर्जननी उजवा गुडघा बदलायचं ठरवलं, तारीख मिळाली, ताईंनी तीन आठवड्यांची रजा टाकली, आणि आधीच्या तपासण्यांत तीन महिन्यांची शुगर ९.२ निघाली, हिमोग्लोबिन ९.६, वर एक दाढ किडलेली. सर्जननी तारीखच रद्द केली, म्हणाले हे नीट करून अडीच-तीन महिन्यांनी या. तोवर भावाने जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरं हॉस्पिटल शोधलंय, ते म्हणतात शुगर आम्ही दोन दिवसांत इन्सुलिनने आणतो, पुढच्या आठवड्यात दोन्ही गुडघे एकदमच करून टाकू. आईला मात्र धास्ती बसलीये, कारण तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे ताईंच्या मावशीचं, चार वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालं, जखमेतून दोन-तीन आठवडे पाणी येत राहिलं, गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेवटी पू झाला आणि बसवलेला सांधा काढावा लागला. मावशी आजही वॉकरवर आहेत. ताई विचारतात की दुसरीकडे जावं का, इन्फेक्शन हा नशिबाचा भाग असतो की हॉस्पिटलच्या अस्वच्छतेचा, आणि मी आग्रह करून ऑपरेशन करवलं आणि आईचंही मावशीसारखं झालं तर मी स्वतःला काय तोंड दाखवू.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी ऑर्थोच्या वॉर्डात, त्यामुळे तुमच्या मावशींची ती दोन-तीन आठवडे पाझरणारी जखम मला न बघताही दिसली. सकाळी ड्रेसिंग बदललं की दुपारपर्यंत पट्टीवर पुन्हा चहा सांडल्यासारखा पिवळट डाग, आणि घरातलं प्रत्येक माणूस म्हणतंय की कालच्यापेक्षा आज कमी आहे. त्या डागाबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरातली सगळी भीती तिथूनच सुरू झालीये.

आधी दुसऱ्या हॉस्पिटलचं. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, तुम्ही तसं लिहिलेलं नाही पण वाक्यावाक्यात आहे, की ज्यांनी तारीख रद्द केली ते डॉक्टर कचखाऊ आणि जे लगेच करायला तयार आहेत ते धाडसी. रजा वाया गेली, आईची मनाची तयारी करून आणली होती ती मोडली, भावाने गाडी सांगून ठेवली होती, तेव्हा राग येणारच, मी तुमच्या जागी असते तर मलाही आला असता. पण जरा असं बघा की त्या डॉक्टरांनी तारीख रद्द करून स्वतःचं एक ऑपरेशन सोडलं, पेशंट दुसरीकडे जाईल हे त्यांनाही कळत असणार, तरी सोडलं. मला तर तुमचे पुण्याचे सर्जन काळजी घेणारे वाटतात. ते तीन महिने ट्रीटमेंटमधलेच आहेत, ऑपरेशनच्या आधीची ट्रीटमेंट.

दोन दिवसांत इन्सुलिनने शुगर खाली येते हे खोटं नाही. आजची शुगर येते, आणि ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस ती साधारण १८० च्या आत राहायला हवीच. पण ९.२ हा आकडा गेल्या तीन महिन्यांचा हिशोब सांगतो. इतके दिवस साखर चढलेली असली की रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात त्या सुस्तावतात, बारीक रक्तवाहिन्यांतून जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाही, टाके धरायला वेळ लागतो. हे दोन दिवसांत पालटत नाही. बरेच सर्जन साडेसात ते आठच्या आत आल्याशिवाय गुडघ्याला हात लावत नाहीत, प्रत्येकाची रेघ थोडी मागेपुढे असते. त्यात आईंचं हिमोग्लोबिन कमी आहे, त्यामुळेही हा तीन महिन्यांचा आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून नुसत्या त्याच्यावर न राहता घरी ग्लुकोमीटरने उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी असं मोजून एका वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. आणि शुगर आणायची म्हणून आईला उपाशी ठेवू नका, या वयात शुगर एकदम खाली गेली तर चक्कर येऊन पडतात आणि मग गुडघ्याऐवजी खुब्याचं ऑपरेशन करायची वेळ येते, हे मी पाहिलंय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नशीब की अस्वच्छता. दोन्ही थोडं थोडं, पण सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत, ती म्हणजे पेशंटचं स्वतःचं शरीर. आपल्याला वाटतं जंतू बाहेरून येतात, भेटायला आलेल्या माणसांच्या हातून, हॉस्पिटलच्या गादीतून. येतात तसेही. पण गुडघ्यात पू करणारे नेहमीचे जंतू आपल्याच कातडीवर आणि नाकात मुक्कामाला असतात, दर तीन-चार माणसांत एकाच्या नाकात त्यातला सगळ्यात त्रासदायक जंतू असतो आणि त्या माणसाला त्याचा एरवी काही त्रासही नसतो. शिवाय किडलेली दाढ, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, टाचेच्या खोल भेगा, नखुरडं, या सगळ्या वाटांनी जंतू रक्तात उतरू शकतात. आणि रक्तात उतरले की त्यांना नवीन बसवलेला धातूचा सांधा फार आवडतो, कारण त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नाही, तिथे त्यांना कोणी हटकत नाही.

माठ बरेच दिवस घासला नाही की आतून कसा बुळबुळीत थर धरतो, पाणी ओतून दिलं तरी तो जात नाही, तसाच थर हे जंतू सांध्याच्या धातूवर आणि प्लॅस्टिकवर धरतात. एकदा तो थर पक्का झाला की गोळ्या-इंजेक्शनं वरवरचे जंतू मारतात, थराखालचे तसेच राहतात, औषध थांबलं की पुन्हा डोकं वर काढतात. मावशींचं बहुतेक हेच झालं असणार. खात्रीने मी म्हणू शकत नाही, त्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण दोन-तीन आठवडे पाणी, वर गोळ्यांचे दोन-तीन कोर्स आणि मग पू, ही साखळी माझ्या फार ओळखीची आहे.

भीती खरी आहे पण तिचा आकार किती तेही सांगते. गुडघा पहिल्यांदा बदलला तर १०० पेशंटमध्ये साधारण एक किंवा दोघांना सांध्यात खोलवर इन्फेक्शन होतं. डायबेटिस असेल तर हा धोका दीड-दोन पट धरा, शुगर हाताबाहेर असेल तर आणखी. म्हणजे नियंत्रणात शुगर असलेल्या बाईलाही धोका शून्य नाही, आणि जो कोणी तुम्हाला सांगेल की आमच्याकडे इन्फेक्शन होतच नाही त्याच्याकडून मी तरी ऑपरेशन करून घेणार नाही. पण १०० मधल्या ९५ हून जास्त जणी बऱ्या होऊन घरी जातात, आणि त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नसतं. मावशींची गोष्ट मात्र दर लग्नाकार्यात निघत असेल.

वयाचंही तसंच. ७१ म्हणजे फार झालं असं कोणी म्हणेल, पण एकट्या वयाने एवढं बिघडत नाही, वयाबरोबर जे साठत जातं त्याने बिघडतं, शुगर, अशक्तपणा, कमी रक्त, जुनी दुखणी, आणि यातलं बरंचसं सुधारता येतं. ऑपरेशन न करणं हाही काही फुकटचा पर्याय नाही. रोज पेनकिलर घेऊन शुगरच्या पेशंटच्या किडन्यांवर काय होतं ते डॉक्टरांना विचारा, चालणं बंद म्हणून शुगर वाढते, शुगर वाढली म्हणून ऑपरेशन लांबतं, असं ते चक्र.

तुमच्या पत्रात एक ओळ होती जी तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, की गेल्या महिन्यात तालुक्याला आईच्या उजव्या गुडघ्यात इंजेक्शन दिलं तेव्हा आठ दिवस बरं वाटलं. ताई, हे पुण्याच्या सर्जनना सांगितलंय का? ते इंजेक्शन स्टेरॉइडचं असेल तर त्यानंतर निदान तीन महिने त्या गुडघ्यावर ऑपरेशन टाळतात, कारण इन्फेक्शनचा धोका वाढतो. ती चिठ्ठी किंवा रिकामा बॉक्स शोधा, नसेल तर त्या डॉक्टरांना फोन करून नाव विचारा. म्हणजे ते स्टेरॉइडचं निघालं तर शुगर उत्तम असती तरी पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करणं बरोबर नव्हतं. आणि आई संधिवातासाठी कुठल्या बिननावाच्या पुड्या घेत असतील, गावोगावी मिळतात, तर त्याही डॉक्टरांसमोर ठेवा, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं, आणि त्याने शुगरही चढते आणि जखमही भरत नाही.

अजून एक, तुम्ही लिहिलं नाहीत पण मी विचारते. आई मिश्री लावतात का? तंबाखू खाता का म्हटलं की आपल्या बायका नाही म्हणतात, आणि मनापासून नाही म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू धरतच नाहीत. माझ्या वॉर्डात एक आजी होत्या, सगळ्या फॉर्मवर नाही लिहिलेलं, आणि सकाळी लॉकरमधून डबी काढून बोटाने दातांवर फिरवत बसलेल्या. मी म्हटलं आजी हे काय, तर म्हणाल्या अगं दात घासतेय. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, निकोटिन रक्तात जातं आणि कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी बंद व्हायला हवी. रागावून बंद होत नाही, चाळीस वर्षांची सवय असते, तेव्हा प्रेमाने घ्या, बडीशेप, लवंग, काहीतरी हाताशी द्या.

मग या तीन महिन्यांत करायचं काय. दाढ पहिल्यांदा, काढायची असेल तर काढून हिरडी पूर्ण भरू द्या. पाय रोज रात्री उजेडात बघायचे, बोटांच्या मधे कोरडं करायचं, चिखल्या असतील तर मलम लावून पूर्ण बऱ्या करायच्या, टाचांना भेगा असतील तर रात्री व्हॅसलिन लावून सुती मोजे, आणि अंगणातसुद्धा अनवाणी नाही. लघवीला जळजळ, ताप असं काही असेल तर तपासून ट्रीटमेंट, पण काही त्रास नसताना नुसत्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून आपल्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, त्याने फायदा नाही. हिमोग्लोबिन का कमी आहे ते शोधायला सांगा, नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर भागवू नका, पोटातून रक्त जातंय का हेही बघावं लागतं, पेनकिलर खूप घेतलेल्या असतात ना.

खाण्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे घराघरात चूक होते. आपल्याकडे ऑपरेशन झालं की डाळ बंद कारण वातूळ, भात बंद कारण टाके पिकतात, अंडं बंद कारण उष्ण, दही बंद कारण थंड, मग त्या बाईने खायचं काय, तर भाकरीचा पापुद्रा आणि पातळ पेज. जखम भरायला प्रथिनं लागतात, ती कुठून यायची? भाताने पू होत नाही, पू जंतूंनी होतो. भाताचं प्रमाण शुगरसाठी कमी ठेवायचं ते वेगळं. आईंना आत्तापासून रोज घट्ट वरण, मुगाची नाहीतर मटकीची उसळ, पिठलं, दही-ताक, खात असतील तर अंडं आणि मासे, हे दोन्ही वेळच्या जेवणात असू द्या. किडनीचा रिपोर्ट वर असेल तर मात्र किती ते डॉक्टरांना विचारून. वहिनींना हे तुम्ही फोनवर न सांगता समोर बसून सांगा, कारण शेजारच्या चार बायका येऊन त्यांनाच बोलणार आहेत, तुम्हाला नाही.

हॉस्पिटल कोणतं निवडायचं ते तुमच्यावर, पुण्याचंच असलं पाहिजे असं मुळीच नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी उत्तम काम करणारे सर्जन आहेत. पण लोक खोलीला एसी आहे का, टीव्ही आहे का बघतात. बघायचं ते ऑपरेशन थिएटर. इंग्लंडमध्ये राइटिंग्टनच्या हॉस्पिटलात जॉन चार्नली नावाच्या सर्जननी १९६० च्या दशकात खुब्याचा सांधा बदलायची पद्धत बसवली, तेव्हा सुरुवातीला त्यांच्या १०० पेशंटमध्ये सात-आठ जणांना इन्फेक्शन होत होतं. त्यांनी थिएटरची हवा गाळून घेतली, सर्जनच्या कपड्यांवर, हातमोज्यांवर, एकेका गोष्टीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि तो आकडा एकाच्या खाली आणला. एका कुठल्या जादूने नाही आला तो. म्हणून तुम्ही नुसतं विचारा की सांधे बदलायचं थिएटर वेगळं आहे का, महिन्याला अशी किती ऑपरेशनं होतात, चिरा देण्याआधी एक तासाच्या आत अँटिबायोटिक देता ना, आणि इन्फेक्शन झालंच तर पुढचं तुम्हीच बघता की दुसरीकडे पाठवता. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. अँटिबायोटिक योग्य वेळी दिलं की ऑपरेशननंतर साधारण २४ तासांच्या पुढे नेहमीसारखं चालू ठेवून जास्त फायदा होत नाही, तेव्हा घरी जाताना दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या नाहीत म्हणून डॉक्टरांवर नाराज होऊ नका.

दोन्ही गुडघे एकदम, यावर मी ठाम काही म्हणत नाही, काहींना ते सोयीचं पडतं. पण ७१ वय, कमी रक्त आणि शुगर असताना हा निर्णय हृदयाची तपासणी बघून भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून व्हावा, पॅकेज स्वस्त पडतंय म्हणून नको.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री आणखी एक गोष्ट घरी हमखास होते, कोणीतरी ब्लेड घेऊन पायावरचे केस काढतं, डॉक्टरांना बरं पडेल म्हणून. नका करू. ब्लेडने कातडीला बारीक बारीक चिरा पडतात आणि तिथे जंतू वाढतात. काढायचे असतील तर ते हॉस्पिटलमध्ये मशिनने काढतील. घरी फक्त साबण लावून स्वच्छ आंघोळ, किंवा त्यांनी खास लिक्विड दिलं असेल तर त्याने.

आता तो पिवळा डाग.

पहिले दोन-तीन दिवस ड्रेसिंगवर थोडं रक्ताळ पाणी दिसणं चालतं. गुडघा सुजणं, हाताला गरम लागणं हे तर कितीतरी आठवडे, कधी महिनेही राहतं, त्याला घाबरू नका. पण पाच ते सात दिवसांनंतरही जखम पाझरत असेल तर ती थांबायची वाट बघायची नाही, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच त्याच दिवशी दाखवायचं. गावातल्या डॉक्टरांना नाही, ओळखीच्या कंपाउंडरला नाही, मेडिकलवाल्याला फोटो पाठवून नाही. माझी सगळ्या जणींना हीच विनंती असते, ऑपरेशनच्या आधी हवं तेवढं थांबा, नंतर मात्र एक दिवस थांबू नका. आपण नेमकं उलट करतो, आधी घाई आणि नंतर बघू दोन दिवस.

याचं कारण सांगते. पहिल्या काही आठवड्यांत, थर पक्का व्हायच्या आधी, सर्जन गुडघा उघडून आतून नीट धुतात, मधला प्लॅस्टिकचा तुकडा बदलतात, आणि पुष्कळदा मूळ सांधा वाचतो. ही वेळ हुकली की सांधा काढा, मधे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा ठेवा, सहा आठवड्यांच्या आसपास औषधं चालवा आणि मग सगळं शांत झालं की पुन्हा नवीन बसवा, अशी दोन मोठी ऑपरेशनं. त्यात मधल्या मधे गोळ्या सुरू झालेल्या असल्या की आणखी एक घोटाळा होतो, गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं तर जंतू सापडत नाहीत, अर्धमेले होऊन लपलेले असतात, मग कोणतं औषध लागू पडेल तेच कळत नाही. म्हणून सर्जननी बघायच्या आधी अँटिबायोटिकची एक गोळीही नाही. ताप चढून थंडी वाजत असेल, पेशंट खचत असेल, तर मात्र काही विचार न करता सरळ हॉस्पिटल गाठायचं, तिथे ते ठरवतील.

मी एका आजोबांचं ड्रेसिंग करायचे, सेवानिवृत्त मास्तर, फार सोसणारा माणूस. घरी गेल्यावर जखम पाझरत होती आणि जावई रोज मोठ्या मायेने एका दवाखान्यात न्यायचे, तिथे रोज नवीन गोळी. एकविसाव्या दिवशी आमच्याकडे आले. पट्टी सोडली आणि वास आला, मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, सिस्टर, मला ताप नव्हता हो कधी. खरंच नव्हता. म्हाताऱ्या माणसांना कित्येकदा तापच येत नाही. ती नुसती गप्प होतात, जेवण टाकतात, बरळतात, किंवा काही कारण नसताना शुगर एकदम चढते. दुखणं कमी होत होत आलं आणि पुन्हा वाढायला लागलं, काल वाकत होता तो गुडघा आज वाकवू देत नाहीत, टाक्यांच्या कडेची लाली पसरतेय, हे सगळं ताप नसतानाही फोन करण्यासारखंच आहे. त्या जावयांचा चेहरा मी विसरलेले नाही. त्यांनी काहीही वाईट केलं नव्हतं, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी ते सांगणं आमचं काम होतं.

म्हणून डिस्चार्ज घेताना कागदावर लिहून घ्या की रात्री-अपरात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, आणि तो भावाच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. रोज ठराविक वेळी जखमेचा एक फोटो काढा, ड्रेसिंग उघडायचं ज्या दिवशी सांगितलं असेल त्याच दिवशी, बाकीचे दिवस वरूनच. जखमेवर हळद नाही, तेल नाही, कसलाही लेप नाही, टाके निघून कातडी पूर्ण मिटेपर्यंत मालिशवाल्या बाईला लांब ठेवा. खोलीला एसी लागत नाही. पाहुणे येऊ देत, आईला माणसांत बरं वाटेल, फक्त गुडघ्याला कोणी हात लावून बघायचं नाही, आणि आपण हात धुऊनच ड्रेसिंगच्या आसपास जायचं. आणि पुढे आयुष्यभर, पायाला जखम, गळू, दाताचं दुखणं, लघवीची जळजळ झाली की हयगय नाही, कारण वर्षांनंतरही रक्तातून इन्फेक्शन सांध्यात जाऊ शकतं. दाताच्या डॉक्टरांना सांध्याबद्दल आधी सांगायचं, प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागतंच असं नाही, ते ठरवतील.

राहिलं तुमचं ते स्वतःला तोंड दाखवायचं. ताई, पूर्ण पत्रात आईला काय हवंय हे एका ठिकाणी आलं, ते म्हणजे ती घाबरलीये. तिला काय करता यायला हवंय हे कुठेच नाही. तिला देवळापर्यंत चालत जायचंय का, शेतावर जायचंय का, की नुसती रात्रभर झोप हवीये? तिच्याजवळ बसून विचारा, भाऊ समोर असू दे. आणि मावशींचं काय झालं होतं ते तिला या पत्रासारखं सगळं सांगा, लपवू नका, की अक्काची जखम पाझरत होती आणि आपल्याला कळलं नव्हतं, आता कळलंय. नाहीतर तिला वाटतं की आपल्या रक्तातच काहीतरी आहे, बहिणीला झालं तसं मलाही होणार. हे सगळं ऐकून तिने हो म्हटलं तर तो तिचा निर्णय, नाही म्हटलं तरी तिचाच, आणि मग तीन महिन्यांत व्यायाम, वजन, शुगर याने जो आराम पडेल तो तर मिळेलच. तुमच्या वाट्याला आग्रह येत नाही, सोबत येते.

भावाशी भांडू नका. तो रोज तिचं कण्हणं ऐकतोय, तुम्ही आठवड्यातून एकदा फोनवर ऐकता, घाई त्याला जास्त असणार. त्याला एक काम द्या जे फक्त तोच करू शकतो, रोज सकाळी शुगर मोजून वहीत लिहायची. आणि ऑपरेशनसाठी टाकलेली रजा पूर्ण परत घेऊ नका, त्यातले चार दिवस ठेवा, गावी जा, आईला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात, आणि येताना त्या इंजेक्शनची चिठ्ठी शोधून आणा.